यंदा कायमचे येतो

जावयाचं कौतुक करायला सासूला निमित्त लागत नाही, पण जावई तुरुंगात असताना त्याचं कौतुक करायचं म्हणजे छाती लागते. स्नेहलताबाईंकडे ती होती. नाशिकच्या त्यांच्या सोसायटीत कुणी आवाज खाली आणून विचारलं, "काय हो, जावई कसे आहेत?" की त्या आवाज मुळीच खाली न आणता सांगायच्या, "तुरुंगात आहेत आणि ताठ आहेत." विचारणारी बाई मग घाईघाईने भाजीच्या पिशवीत डोकं घालायची.

देवदत्त न्युरेम्बर्गला नऊ वर्षं होता. यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. त्या यंत्रांचा मेंदू म्हणावा असा एक प्रोग्रॅम एका स्पर्धक कंपनीकडे सापडला आणि तो बाहेर गेला होता देवदत्तच्या लॉगिनवरून. झालं! एका सकाळी पोलीस दारात. देवदत्त म्हणाला, मी केलेलं नाही. पोलीस म्हणाले, ते खटल्यात बघू. आणि खटला उभा राहीपर्यंत त्याला आत ठेवला. त्याला तिकडे ऊ-हाफ्ट म्हणतात. म्हणजे गुन्हा शाबीत नाही, शिक्षा नाही, पण दाराला बाहेरून कुलूप.

आता असं सगळ्यांनाच आत ठेवतात का? नाही. हा माणूस पळून जाईल अशी भीती असली तरच. आणि ती भीती का वाटली, तर ऐका. उर्जा, म्हणजे स्नेहलताबाईंची लेक, सातव्या महिन्यात नाशिकला आलेली. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलणार होता आणि पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर स्नेहलताबाई अडून बसल्या होत्या. तिकीट एकाच बाजूचं काढलं, कारण बाळंतीण परत कधी निघेल हे का कुणी आधी सांगतं? डोहाळजेवणाला घालायचे म्हणून दागिने सगळे सोबत. इकडे हे सगळं रीतीला धरून झालं. तिकडे कोर्टाने पाहिलं ते असं: बायको देशाबाहेर गेली, सोनं गेलं, परतीचं तिकीट नाही. आता नवराच काय तो उरलाय!

आणि त्यावर कळस म्हणजे देवदत्तच्या फोनमध्ये सापडलेला, अटकेच्या आदल्याच आठवड्यात सासूला पाठवलेला मेसेज: 'आई, आता इथलं बास झालं. यंदा कायमचे येतो.'

देवदत्त हुशार, पण हुशार माणूस चुकतो तेव्हा चूकही हुशारीनेच करतो. लहानपणी त्याने वडिलांना पाहिलं होतं. नळाला पाणी नाही, लिही मंत्र्याला. रस्त्यात खड्डा, लिही मंत्र्याला. मधल्या टेबलांवर वेळ घालवायचाच नाही. तोच कित्ता त्याने कोठडीत गिरवला. कायद्याचं पुस्तक मागवलं, शब्दकोश मागवला आणि स्वतःच्या हाताने, स्वच्छ जर्मनमध्ये, थेट कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाला अर्ज ठोकला, की मला विनाकारण डांबलंय, सोडा. अर्ज फेटाळला गेला. आधी खालच्या न्यायालयांत दाद मागा, मग इकडे या. त्याने दुसरा लिहिला, अधिक जोरदार. तोही तसाच परत आला.

त्याच्या वकिलीणबाई, फ्राउ ब्रांडल, फोनवर उर्जाला म्हणाल्या, "भाषा इतकी सुंदर आहे की मला फाडवेना. पण त्यांना सांगा, इथे जिना पायरीपायरीनेच चढतात. आता आपण खालच्या पायरीवरून अपील करू. आणि यावेळी लिहीन मी."

त्यांनी आणखी एक सांगितलं, कर्तव्य म्हणून. थोडंफार कबूल केलं तर सुटकेची वाट पुष्कळ सोपी होईल. हे त्यांनी देवदत्तलाही सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "जे केलं नाही ते केलं म्हणून बाहेर आलो, तर बाळाला हातात घेताना कोण म्हणून घेऊ?" बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

हे ऐकलं त्या दिवशी उर्जाने कपाटातून आपला पासपोर्ट काढला. मग वळून म्हणाली, "आई, मी परत जाते."

"कुठे?"

"घरी. न्युरेम्बर्गला. मी पळून गेले म्हणतायत ना? मग मी तिथे जाऊन बसते. बाळ तिथेच होईल."

स्नेहलताबाईंचा संताप झाला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आठवा लागलाय! खोली रंगवून घेतली, डिंक आणला, अळीव आणले, मालिशवाल्या बाईंना सांगून ठेवलंय! आणि तू विमानात बसणार? रिकाम्या घरात बाळंत होणार?"

"डॉक्टर सर्टिफिकेट देतायत. विचारलंय मी."

"विचारलंयसुद्धा! म्हणजे आम्ही फक्त ऐकायचं."

वासुदेवराव, म्हणजे उर्जाचे वडील, वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तुझीच मुलगी आहे." एवढंच. पण त्या एका वाक्याने स्नेहलताबाईंची हवा गेली. मागच्या वर्षी काढलेला त्यांचा स्वतःचा व्हिसा अजून चालू होता. त्यांनी तीनदा आदळआपट केली, दोनदा रडल्या आणि मग डिंकाचे लाडू स्टीलच्या डब्यात दाबून भरायला घेतले. "अहो, तुमचे गुडघे घेऊन तुम्ही येऊ नका. डबे लावून देते. आणि फुटाणे खाऊन झोपू नका."

मनातल्या मनात मात्र त्यांना लेकीचा असा काही अभिमान वाटत होता की डोळे भरून येत होते. पण तो दाखवला तर ती शेफारेल म्हणून त्या चिडचिड करत राहिल्या. आयांची ही जुनीच खोड आहे.

न्युरेम्बर्गला पोचल्यावर पहिलं काम तुरुंगातली भेट. स्नेहलताबाईंनी काय काय बोलायचं ते विमानातच जुळवून ठेवलेलं. दारातच त्याचा बोजवारा उडाला. भेटीत बोललेलं सगळं पहारेकऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून बोलायचं ते जर्मनमध्ये. मराठी बोलायचं तर दुभाषी हवा, आणि त्या दिवशी तो नव्हता.

देवदत्त आत आला. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. वाळला होता. उर्जाचं पोट पाहून तो दारातच थांबला. त्याला वाटत होतं ती नाशिकला आहे. त्याचा चेहरा असा काही झाला की स्नेहलताबाईंनी नजर टेबलाकडे वळवली. काही चेहरे सासूने पाहायचे नसतात.

मग तो सासूकडे वळला आणि सवयीने वाकला, पायांकडे. पहारेकरी खुर्चीतून ताडकन उठला. "नाइन!" म्हणजे नाही! स्पर्श करायचा नाही. देवदत्त अर्धा वाकलेला तसाच थांबला, सरळ झाला आणि हात जोडले. स्नेहलताबाईंच्या तोंडून 'औक्षवंत व्हा' एवढंच आलं आणि तेही पहारेकऱ्याने हाताने थोपवलं. पुढचा सगळा वेळ नवराबायको जर्मनमध्ये बोलत राहिले आणि त्या मध्येमध्ये येणारे 'या', म्हणजे हो, आणि 'गेनाऊ', म्हणजे बरोबर, तेवढे ओळखत बसल्या. निघताना मात्र देवदत्तने जर्मनमध्येच काहीतरी त्यांच्याकडे पाहून म्हटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "मला काय म्हणाले गं?"

"म्हणाला, आईंना सांग, त्यांची रंगवलेली खोली वाया गेली, माफ करा."

आत बसलेल्या माणसाला खोलीच्या रंगाची काळजी! स्नेहलताबाईंनी पदराने नाक पुसलं आणि त्या बसस्टॉपकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी फ्राउ ब्रांडल घरीच आल्या. उंच, सडसडीत, पायात सायकलवाल्यांचे बूट. उर्जा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. अपिलाची सुनावणी लागली होती. बायको परत आली, हे आता त्यांच्या बाजूने मोठंच होतं. "पण तो मेसेज अजून आडवा येतोय," फ्राउ ब्रांडल म्हणाल्या. "कायमचे येतो. यात दोन अर्थ निघत नाहीत. आणि तो या बाईंना लिहिलाय. तेव्हा तो काय आहे, हे याच बाई सांगू शकतील."

स्नेहलताबाई आधी हसल्या. "तो होय? अगं, ते तर दर वर्षीचं आहे!"

उर्जाने ते जर्मनमध्ये सांगितलं. वकिलीणबाई पुढे सरकल्या. "म्हणजे ते खरंच येणार नव्हते?"

आणि इथे स्नेहलताबाईंचं हसू मावळलं. नऊ वर्षं दर रविवारी त्या फोनवर विचारत आल्या होत्या, 'कायमचे कधी येताय?' आणि नऊ वर्षं उत्तर यायचं, येतोच. त्या उत्तरावर त्यांचा आठवडा जायचा. त्या उत्तरावरच शेजारचा फ्लॅट विकायला निघाला तेव्हा त्यांनी वासुदेवरावांना भंडावून सोडलं होतं. ते खोटं आहे असं त्यांनी कधी मनाशीसुद्धा म्हटलं नव्हतं. आणि आता ते कोर्टात उभं राहून म्हणायचं?

"बघते," त्या उठत म्हणाल्या. "चहा घेतील का त्या?"

सकाळी त्या पोळ्या करायला ओट्याशी उभ्या राहिल्या. मागच्या वेळी आल्या होत्या तेव्हा हे स्वयंपाकघर नव्हतं. तिकडे भाड्याच्या घरातसुद्धा ओटा, कपाटं आपली आपणच बसवायची असतात, ती या दोघांनी वर्षभरापूर्वी नवी करून घेतली होती. फोटोत छान दिसायचं. पण खिडकीजवळचा ओट्याचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा चांगला वीतभर खाली होता. स्नेहलताबाई बुटक्या. पोळपाट तिथे अगदी हाताखाली आला.

"उर्जा, हा इतका खाली का गं? सुताराने माप चुकवलं वाटतं."

"चुकवलं नाही. तुझ्यासाठी आहे तो," उर्जा खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. "उंच ओट्यावर पोळ्या लाटून तुझे खांदे भरून यायचे ना. देवदत्तने मुद्दाम करून घेतला. सुतार म्हणत होता, विचित्र दिसेल. हा म्हणाला, दिसू दे, आई येत राहतील."

लाटणं फिरत राहिलं. आई येत राहतील. म्हणजे आम्ही तिकडे नाही, आई इकडे. सुताराला त्याने वर्षापूर्वीच खरं सांगून टाकलं होतं. सासूला तेवढं सांगितलं नव्हतं. स्नेहलताबाईंना राग आला, वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, सासूच्या खांद्यांसाठी ओटा खाली घेणारा जावई कुणाला मिळतो, हेही वाटलं. तिन्ही गोष्टी एकदम वाटल्या. पोळी तव्यावर करपली.

"त्या बाईंना फोन लाव," त्या म्हणाल्या. "मी येते म्हणावं कोर्टात."

सुनावणी बंद दाराआड होती. उर्जाला बाहेर बाकावर बसावं लागलं. स्नेहलताबाई ठेवणीतली नारायणपेठ नेसून, वर उर्जाचा जाड कोट घालून आत गेल्या. समोर तीन न्यायाधीश. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. एका बाजूला सरकारी वकील, तरुण, टापटीप. दुसऱ्या बाजूला फ्राउ ब्रांडल आणि देवदत्त. कोर्टाची शपथ घेतलेली मराठी दुभाषी बॉनहून आली होती, कादंबरी नावाची मुलगी. ती हळूच म्हणाली, "काकू, घाबरू नका. तुम्ही बोला, मी आहे."

"घाबरतंय कोण," स्नेहलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी कोटाचं बटण भलत्याच काजात घातलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, मुलगी भारतात का गेली होती? स्नेहलताबाईंनी सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मुलगी येते, जावई आपल्या कामावर राहतो आणि बारशाला येतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. तो मान आईचा. मग आता मुलगी इथे कशी? "तो मान मी सोडला," त्या म्हणाल्या. "नवरा इथे आणि ती तिथे, हे तिला सोसेना. पोर आठव्या महिन्यात विमानात बसून आली. पळून जाणारी माणसं उलट्या दिशेने येतात का हो?"

कादंबरीने ते सांगितलं तेव्हा डावीकडचे न्यायाधीश काहीतरी लिहून घेत होते, त्यांचा हात थांबला.

मग सरकारी वकील उठला. तो उद्धट नव्हता, पण सोडणाराही नव्हता. त्याने मेसेज वाचून दाखवला आणि विचारलं, "हे आपल्याला लिहिलं आहे ना? कायमचे येतो, असं?"

"हो, मलाच."

"मग आरोपी देश सोडणार होते."

स्नेहलताबाईंनी एकदा देवदत्तकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"साहेब, माझा जावई खोटं बोलतो," त्या म्हणाल्या.

कादंबरी क्षणभर अडखळली आणि मग तिने ते जसंच्या तसं सांगितलं. फ्राउ ब्रांडल यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुमच्याशी नाही. तुमच्याशी खोटं बोलायचं असतं तर थोडं कबूल करून कधीच घरी आले असते. माझ्याशी बोलतो. नऊ वर्षं! पहिल्या वर्षी म्हणाले, प्रोजेक्ट संपला की येतो. मग म्हणाले, इथे कायम राहायचा परवाना मिळू दे, मग येतो. आता मला सांगा, कायम राहायचा परवाना मिळाल्यावर कोण परत येतं? पण मी म्हटलं बरं. मग म्हणाले, उर्जाची नोकरी मार्गी लागली की. दर गणपतीला येतो, दर दिवाळीला येतो. आमच्याकडे म्हणतात, बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. परदेशातली आमची सगळीच मुलं आपल्या आईबापांना हे सांगतात. आम्हाला बरं वाटावं म्हणून. याला तुम्ही पुरावा म्हणाल, तर आमच्या गावातली अर्धी पोरं धरून आणावी लागतील."

उजवीकडच्या न्यायाधीशांनी तोंडावर हात धरला. मधल्या बाई मात्र हसल्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी विचारलं, "पण तुमची इच्छा होती ना, त्यांनी यावं? मग तुमचा त्यांच्यावर विश्वास होता?"

"होता," स्नेहलताबाई म्हणाल्या. "परवा सकाळपर्यंत होता. मग मी त्यांच्या ओट्याशी उभी राहिले." आणि त्यांनी ओट्याचं सांगितलं. किती खाली आहे ते हाताने दाखवलं. स्वतःचे खांदे दाखवले. "सुताराला हे म्हणाले, आई येत राहतील. बाईसाहेब, ज्याला जायचं असतं तो भाड्याच्या घरात सासूच्या मापाचा ओटा करून घेत नाही. हे कुठेही जाणार नाहीत. माझी मुलगी आता इथली आहे आणि तिचं बाळही इथलंच असेल. ते परत येणार नाहीत." त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि पुढे म्हणाल्या, "कधीच येणार नाहीत. माझ्याकडून लिहून घ्या."

कादंबरीला ते जर्मनमध्ये सांगायला जरा वेळ लागला. तिचेही आईबाप कुठेतरी सांगलीमिरजेकडे होतेच की. देवदत्तने वर पाहिलं. एवढ्या दिवसांत त्याच्या कानावर पडलेलं पहिलं सलग मराठी, आणि त्यात हे! तो हाताच्या तळव्यांनी चेहरा दाबून बसला.

न्यायाधीश आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. निकाल लांबलचक होता, पण कादंबरीने कानाशी लागून तो काकूंसाठी आटोपशीर केला. खटला चालेल. आरोप आहे तसाच आहे. पण हा माणूस पळून जाईल असं आता वाटत नाही, तेव्हा त्याने पासपोर्ट जमा करावा, ठरल्या दिवशी पोलिसांत हजेरी लावावी आणि घरी जावं.

"घरी म्हणजे कुठे म्हणाल्या?" स्नेहलताबाईंनी विचारलं.

"इथल्या घरी, काकू."

"तेच विचारते."

बाहेर उर्जा बाकावरून उठायला धडपडत होती. तिला कुणी काही सांगायच्या आतच आईच्या चेहऱ्यावरून तिला कळलं आणि ती तिथेच रडायला लागली. "तू काय बोललीस आत?"

"खरं ते बोलले. रडू नकोस, पोटात बाळ आहे."

कागदपत्रं व्हायला दुपार गेली. मग देवदत्त एका कापडी पिशवीत आपलं सामान घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर आला. त्याने आधी उर्जाला धरलं, खूप वेळ धरलं, आणि स्नेहलताबाईंनी ट्रामच्या तारा निरखून घेतल्या. मग तो त्यांच्यासमोर आला आणि पुन्हा वाकला. यावेळी कुणी अडवलं नाही. त्याचे हात त्यांच्या बुटांवर टेकले आणि तिथेच राहिले.

"औक्षवंत व्हा," त्या म्हणाल्या. "उठा आता, लोक बघतायत."

तो उठला. डोळे लाल. नऊ वर्षांची सवय ती, जाते थोडीच. "आई, तुम्ही आत जे म्हणालात ना, तसं नाहीये हो. हा खटला एकदा मिटू दे, बाळ जरा मोठं होऊ दे, मग आम्ही नक्की कायम..."

स्नेहलताबाईंनी पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि मागे कोर्टाच्या दाराकडे पाहिलं.

"अहो, हळू बोला! आत्ताच सोडवून आणलंय तुम्हाला."